विहिरीपासून मालवणपर्यंत: पाण्याखाली व्हिडिओ कसा घ्यावा

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याची सवय आहे. उत्तर सीमेवर नर्मदा, शहादा-प्रकाशा भागातून जाणारी तापी, नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्याचे पाणी. पोहायला मात्र बहुतेक जण गावच्या विहिरीतच शिकतात, पाठीला रिकामा डबा बांधून. त्यामुळे इथली मंडळी कोकणात सहलीला गेली की मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करायला सहज तयार होतात, आणि हल्ली सोबत छोटा अ‍ॅक्शन कॅमेराही असतो. परत आल्यावर व्हिडिओ पाहतात, तर सगळे हिरवट, हलते, धुरकट. मासा होता, पण दिसत नाही. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. चुका पाण्यात उतरण्याआधीच झालेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा घरी बसून टाळता येतात.

आधी शब्द समजून घेऊ. स्कूबा म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधून, तोंडात धरलेल्या रेग्युलेटरमधून श्वास घेत पाण्याखाली पोहणे. रेग्युलेटर हा सिलिंडरमधली दाबाखालची हवा श्वासापुरती कमी दाबाने देणारा झडपेचा भाग. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असे सर्रास म्हटले जाते, पण हौशी डायव्हिंगमध्ये त्यात सहसा साधी, कोरडी, गाळलेली हवाच असते. अ‍ॅक्शन कॅमेरा म्हणजे मुठीत मावणारा, रुंद दृश्य टिपणारा, धक्के सोसणारा कॅमेरा. गोप्रो आणि डीजेआय या कंपन्यांचे कॅमेरे आपल्याकडे जास्त दिसतात.

कॅमेरा खरेदी करताना खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असते. त्यापुढचा आकडा वाचावा. गोप्रोचे अलीकडचे बहुतेक हिरो कॅमेरे नुसते, म्हणजे कवचाशिवाय, १० मीटरपर्यंत चालतात. डीजेआयचा ओस्मो अ‍ॅक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत. समुद्रात दर १० मीटरला जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो. शिवाय हे आकडे दारे नीट बंद असलेल्या नव्या कॅमेऱ्याचे असतात. वर्ष-दोन वर्षे वापरलेल्या, एकदोनदा पडलेल्या कॅमेऱ्याची रबरे तितकी घट्ट राहत नाहीत. म्हणून डायव्हिंगला हाऊसिंग घ्यावेच. हाऊसिंग म्हणजे कॅमेऱ्याभोवती बसणारे पारदर्शक, घट्ट झाकणाचे कवच. गोप्रोचे स्वतःचे हाऊसिंग ६० मीटरपर्यंतचे असते. नवखा हौशी डायव्हर सहसा १८ मीटरच्या खाली जात नाही, तेव्हा तेवढे पुरून उरते.

हाऊसिंगचा जीव त्याच्या रबरी कडीत असतो. झाकण जिथे बसते तिथे ही कडी दाबली जाऊन पाणी अडवते. एक केस, वाळूचा एक कण किंवा रुमालाचा एक धागा तिच्यावर राहिला, की तेवढ्या फटीतून पाणी आत येते. कॅमेऱ्यात पाणी शिरण्याचे कारण बहुधा इथेच सापडते. म्हणून झाकण लावण्याआधी कडीवरून कोरडे, स्वच्छ बोट हळू फिरवावे. खरखर लागली तर पाण्याने धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. वंगण लावायचे की नाही हे माहितीपत्रकात पाहावे. काही कड्यांना ते लागत नाही, आणि जास्त झालेले वंगण उलट धूळ धरते.

आता घरची चाचणी. हाऊसिंग रिकामे घ्यावे, आत टिश्यू पेपरची घडी ठेवावी, झाकण लावून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावे. तरंगू नये म्हणून वर दगड ठेवावा. बाहेर काढून आधी बाहेरून पुसावे, मग उघडावे. कागद कोरडा असेल तर पुढे जावे. बादली म्हणजे काय मोठा दाब, असे वाटेल. पण हलकी गळती उथळ पाण्यातच जास्त होते. खोल गेल्यावर दाबामुळे झाकण अधिक घट्ट बसते.

ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांनी दुसरी चाचणीही करावी. शहरातल्या माणसाला ही सोय मिळत नाही. मोटर बंद असताना, मजबूत दोराला दर मीटरवर गाठ मारून, दगडाचे वजन बांधलेले हाऊसिंग पाच-सहा मीटर पाण्यात सोडावे. पहिल्या खेपेला रिकामे, कागद घालून. कागद कोरडा निघाला की दुसऱ्या खेपेला आत कॅमेरा चालू करून ठेवावा. त्याच्यासमोर हातभर अंतरावर एका काडीला लाल, पिवळी आणि निळी अशा तीन चिंध्या बांधाव्यात. वेळ भर दुपारची निवडावी, म्हणजे ऊन सरळ पाण्यात पडते. हे सगळे काठावरून करायचे. त्यासाठी कुणीही विहिरीत उतरू नये.

तो व्हिडिओ घरी पाहिला की पाण्याखालच्या चित्रणातली सगळ्यात मोठी अडचण डोळ्यांसमोर येते. दोर खाली जाईल तशी लाल चिंधी तपकिरी, मग काळपट दिसू लागते. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. स्वच्छ समुद्रातही पाचेक मीटरवर लाल बराच विटतो, त्याखाली नारिंगी, मग पिवळा जातो. शेवटी उरतो निळा, आणि गढूळसर पाण्यात हिरवा. आपला मेंदू ही उणीव भरून काढतो, म्हणून प्रत्यक्ष पाहताना रंग बरे वाटतात. कॅमेरा जे आले तेच दाखवतो.

इथे एक हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रंग फक्त खोलीने जात नाहीत, अंतरानेही जातात. आपण सहा मीटर खोल आहोत आणि मासा आपल्यापासून तीन मीटरवर आहे, तर प्रकाशाने आधी सहा मीटर उतरून मग माशापासून कॅमेऱ्यापर्यंत तीन मीटर, असा नऊ मीटर पाण्याचा प्रवास केला. शिवाय पाण्यातले कण मध्ये येतात ते वेगळेच. त्यातून पाण्याखाली वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे पाव अंतराने जवळ दिसते. आपल्याला वाटते मासा पुरेसा जवळ आहे, तेव्हा तो अजून दूर असतो. म्हणून एकच नियम पाठ करावा: जवळ जा, आणि झूम कधी वापरू नका. झूम मध्ये आलेले पाणी कमी करत नाही. विषय एक मीटरच्या आत असावा, मात्र काचेला चिकटवू नये. हातभराच्या आतले बऱ्याच अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांना नीट दिसत नाही.

सेटिंग म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली मांडणी. ती घरीच करून ठेवावी, कारण हाऊसिंगमध्ये पडद्याला बोट लागत नाही आणि नुसत्या कॅमेऱ्याच्या पडद्याला पाणी हेच बोट वाटते. चित्राचा तपशील ४के ठेवावा. वेग सेकंदाला ३० चित्रे पुरेसा. ६० ठेवले तर प्रत्येक चित्राला प्रकाश कमी मिळतो, आणि पाण्याखाली आधीच प्रकाशाची टंचाई असते. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याने अंधारात प्रकाश किती फुगवावा याचे माप. त्याची कमाल मर्यादा ८०० ठेवावी, नाहीतर चित्रात दाणे येतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचे हे कॅमेऱ्याने ठरवणे, सुरुवातीला ‘आपोआप’ या पर्यायावर राहू द्यावे. आपण वर-खाली होत असताना ते हाताने बदलता येत नाही.

लाल फिल्टर घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. हाऊसिंगच्या काचेवर बसणारी ही लाल काच निळ्या, स्वच्छ पाण्यासाठी असते. अंदमान किंवा लक्षद्वीपला ती उपयोगी पडते. मालवणचे पाणी बहुतेक दिवस हिरवट असते, कारण किनाऱ्याला खाड्यांचे पाणी मिळते आणि सूक्ष्म वनस्पतीही पुष्कळ असतात. हिरव्या पाण्याला गुलाबी-जांभळ्या छटेचा, म्हणजे मॅजेंटा फिल्टर लागतो. शिवाय फिल्टर प्रकाश खातो, आणि दोन-तीन मीटरपेक्षा उथळ पाण्यात चित्र लालभडक करतो. पहिल्या सहलीला फिल्टर न घेता जावे आणि रंग नंतर घरी दुरुस्त करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेमरी कार्डावर ‘व्ही ३०’ अशी खूण पाहावी. याचा अर्थ कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहू शकते. जागेचा हिशेबही आधी करावा. ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने नोंदवला, तर मिनिटाला ७५० मेगाबाइट आणि तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटचे कार्ड एका दिवसाला पुरते, पण ते आधी रिकामे करून कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेले असावे. बॅटऱ्या दोन असाव्यात.

कॅमेरा धरायला सेल्फी काठी नेऊ नये. ती पाण्यात डुलते, आणि लांब टोक नेमके प्रवाळाला, म्हणजे सजीव खडकासारख्या समुद्री वसाहतीला, लागते. दोन्ही हातांनी धरता येईल अशी आखूड पट्टी सर्वांत चांगली. दोरीने कॅमेरा डायव्हिंगच्या जॅकेटला अडकवलेला असावा, म्हणजे गरज पडली तर तो सोडून दोन्ही हात मोकळे करता येतात.

आता प्रत्यक्ष मालवण. नंदुरबारहून सुरतेला जाऊन तिथून कोकण रेल्वेच्या गाडीने कुडाळ किंवा कणकवली गाठता येते, पुढे रस्त्याने मालवण. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि तिथे सरावासाठी खोल तलावही आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, त्यातही हिवाळ्याचे महिने बरे. ठरवताना भरतीची वेळ विचारावी. ओहोटीला खाडीचे गढूळ पाणी बाहेर येते, भरतीला समुद्राचे स्वच्छ पाणी आत सरकते. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात ऊन वरून पडते आणि खाली उजेड जास्त पोचतो.

डायव्हिंग दोन तऱ्हेचे असते. पहिल्यात प्रशिक्षक पूर्ण वेळ आपल्याला धरून काही मिनिटे उथळ पाण्यात नेतो, आपल्याला काही येत नसले तरी चालते. दुसऱ्यात तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम करून आपण १८ मीटरपर्यंत जोडीदारासह जाण्याचा परवाना मिळवतो. पहिल्या तऱ्हेच्या डायव्हमध्ये कॅमेरा हातात घेऊच नये. कानाचा दाब मोकळा करणे, श्वास सांभाळणे, प्रशिक्षकाच्या खुणा पाहणे हीच कामे पुष्कळ असतात. बहुतेक ठिकाणी केंद्राचाच माणूस चित्रण करतो, ते घ्यावे. कॅमेरा हातात धरायचा तो अभ्यासक्रम झाल्यावर, आणि त्यानंतरही आणखी काही डायव्ह नुसते पोहून झाल्यावर.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. विहिरीत सूर मारताना आपण छातीभर हवा घेऊन श्वास रोखतो, आणि जो जास्त वेळ रोखतो तो पट्टीचा पोहणारा. स्कूबामध्ये हीच सवय जिवावर बेतते. खाली आपण दाबाखालची हवा घेतलेली असते. श्वास रोखून वर आलो, तर ती हवा फुप्फुसात फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. चित्र हलू नये म्हणून श्वास रोखण्याचा मोह कॅमेरा हातात असताना हमखास होतो. तो टाळावा. श्वास सतत, संथ चालू ठेवावा. चित्र थोडे हलले तर कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय ते सांभाळून घेते.

होडीत शिरल्यावरची एक अडचण म्हणजे धुके. कोकणची हवा दमट, आणि हाऊसिंगमध्ये तीच हवा कोंडलेली. उन्हात तापलेला कॅमेरा गार पाण्यात गेला की आतल्या काचेवर दव धरते आणि अख्खा व्हिडिओ वाया जातो. म्हणून हाऊसिंग सकाळी खोलीतच, पंख्याखाली किंवा एसीत, कोरड्या हातांनी बंद करावे. आत ओल शोषणारी पट्टी ठेवावी. होडीत कॅमेरा उन्हात न ठेवता ओल्या फडक्याखाली ठेवावा, आणि होडीत हाऊसिंग उघडायचे नाही.

पाण्यात उतरून होडीची दोरी धरली की कॅमेरा चालू करून पडद्यावरचे आकडे पळताहेत का ते पाहावे. बटण एकदा दाबले की चालू, दुसऱ्यांदा दाबले की बंद. घाईत दोनदा दाबले जाते. मग खाली आपण बंद कॅमेरा फिरवत राहतो आणि वर येताना तो चालू करतो. कार्डावर फक्त होडीची फळी आणि कुणाचे तरी पाय मिळतात. लाल दिवा आणि पळते आकडे, दोन्ही पाहिल्याशिवाय खाली जाऊ नये.

खाली गेल्यावर पहिले काम तरंग सांभाळणे. डायव्हर बुडतही नाही आणि वरही जात नाही, अशी अवस्था साधावी लागते. अंगातल्या, हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटने ती ढोबळ साधते, आणि बारीक सुधारणा श्वासाने होते. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. ही अवस्था साधली नाही तर पाय तळाला लागतात, गाळ उडतो आणि पुढची काही मिनिटे कुणालाच काही दिसत नाही. गुडघे वाकवून पाय तळापासून वर ठेवावेत आणि पायांत घातलेले पोहण्याचे पंखे हळू हलवावेत.

चित्र घेताना कोपर अंगाशी, दोन्ही हात पट्टीवर. एक जागा निवडून मनात दहा आकडे मोजेपर्यंत कॅमेरा तसाच धरावा. सतत फिरणारा कॅमेरा पाहणाऱ्याला गरगरवतो. सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे विषयावर उजेड पडतो. वरून खाली घेतलेला मासा तळाच्या रंगात मिसळून जातो, तोच त्याच्या पातळीला उतरून किंवा किंचित खालून घेतला तर मागे उजळ पाणी येते आणि तो उठून दिसतो. माशाचा पाठलाग केला तर शेपटीशिवाय काही मिळत नाही. एका जागी शांत थांबलो, तर काही वेळाने मासे आपणच जवळ येतात.

छोटा दिवा नेण्याचा मोह मालवणच्या पाण्यात तरी टाळावा. दिवा लेन्सच्या शेजारी असला की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि चित्रात पांढरे ठिपके भरतात. दिवा लावायचाच असेल तर हात लांब करून बाजूने धरावा.

खाणाखुणांबद्दल एक सूचना. कॅमेरा समोर आला की आपल्याकडे लोक अंगठा वर करतात. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो, आणि प्रशिक्षक खरोखर वर न्यायला लागतो. सगळे ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचे कडे. तसेच कॅमेऱ्याच्या पडद्यात गुंतून सिलिंडरमधली उरलेली हवा दाखवणारा काटा पाहायचा राहू नये. दर दोन चित्रांमध्ये एकदा काटा, एकदा जोडीदार, असा क्रम लावून घ्यावा.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे पाणी त्यात येते. खडकासारखे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतके संरक्षण आहे. तुकडा तोडणे तर गुन्हाच, पण नुसता हात लावल्यानेही त्यांच्यावरचा नाजूक सजीव थर मरू शकतो. व्हिडिओत मासे भरपूर दिसावेत म्हणून त्यांना पाव खाऊ घालण्याचा प्रकारही चालतो. कुणी पाव पुढे केला तर नको म्हणावे. पाव हे माशाचे अन्न नाही, आणि पावाच्या आशेने जमलेला घोळका म्हणजे त्या समुद्राचे खरे चित्र नव्हे.

वर आल्यावर हाऊसिंग न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवावे आणि पाण्यातच बटणे दाबावीत, म्हणजे फटीतले मीठ निघते. वाळलेले मीठ स्फटिक होऊन पुढच्या वेळी रबर कापते. पूर्ण कोरडे झाल्यावरच, डोक्याचे केस पुसून आणि हात वाळवून, झाकण उघडावे. त्याच संध्याकाळी व्हिडिओ फोनवर किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाला जागा, तारीख आणि खोली लिहून ठेवावी.

रंग दुरुस्त करताना संगणकावर किंवा फोनवरच्या संपादनाच्या अ‍ॅपमध्ये आधी व्हाइट बॅलन्स उबदार बाजूला न्यावा, मग हिरवी छटा गुलाबीकडे सरकवावी, आणि शेवटी काळे-पांढरे यातला फरक थोडा वाढवावा. जो लाल प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत आलाच नाही, तो संपादनात आणता येत नाही. फार ताणले तर सगळा मासा जांभळा दिसतो. तेव्हा जवळून घेतलेली चित्रेच दुरुस्त होतात, दूरची सोडून द्यावीत.

परतीचा प्रवासही डायव्हिंगचाच भाग आहे. खाली असताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडण्याआधी हवेचा दाब कमी असलेल्या उंचीवर गेले तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते. एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास, आणि एकापेक्षा जास्त किंवा सलग काही दिवसांच्या डायव्हनंतर किमान १८ तास विमान घेऊ नये. हाच नियम सुमारे ६०० मीटरच्या वरच्या रस्त्यांनाही लावावा. आंबोली घाट साधारण ६९० मीटरवर आहे, म्हणून गाडीने घाट चढून कोल्हापूरकडे निघणाऱ्यांनी एक रात्र किनाऱ्यावर मुक्काम करावा. रेल्वेने सुरतमार्गे परतणाऱ्यांना हा त्रास नाही. तो मार्ग आणि नंदुरबार शहर, दोन्ही सखलच आहेत. मात्र परतल्याबरोबर तोरणमाळला जाऊ नये, ते हजार मीटरच्या वर आहे.

एक विनंती विशेषतः तरुण वाचकांना. मालवणहून शिकून आलात म्हणून नर्मदेच्या किंवा उकाईच्या फुगवट्यात सिलिंडर लावून उतरू नका. तिथे बुडालेली झाडे आणि घरे आहेत, माशांची जाळी आहेत, पाण्यात हात दिसत नाही, आणि नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या जलाशयात मगरी आहेत. जवळ डायव्हिंगची मदतही नाही. सराव करायचा तो काठावरून, दोराने आणि कॅमेऱ्याचा. उतरायचे ते मालवणला, प्रशिक्षकासोबत.